भाड्याचा हल्ला आणि पंधरा देशांचे पोलीस

डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात युरोपीय संघाच्या पोलिसांची समन्वय संस्था असलेल्या युरोपोलने जाहीर केले की इंटरनेटवरची २७ संकेतस्थळे बंद पाडण्यात आली आहेत. झेडडीस्ट्रेस, ऑर्बिटलस्ट्रेस, स्टार्कस्ट्रेसर अशी त्यांतल्या काहींची नावे. कारवाईत १५ देशांचे पोलीस होते. फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांच्याबरोबर जपान, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, फिनलंडही होते. फ्रान्स आणि जर्मनीत मिळून तीन चालकांना अटक झाली आणि तीनशेहून अधिक गिऱ्हाइकांची ओळख पटली. मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पॉवरऑफ’. ती २०१८ पासून चालू आहे आणि अजून संपलेली नाही.

या संकेतस्थळांवर एकच माल मिळत असे: दुसऱ्याचे संकेतस्थळ, सर्व्हर किंवा घरातले इंटरनेट बंद पाडणारा हल्ला. गिऱ्हाइकाने खाते उघडायचे, पैसे भरायचे, ज्याच्यावर हल्ला करायचा त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळखक्रमांक, एका चौकटीत टाकायचा, किती सेकंद ते निवडायचे आणि बटण दाबायचे. संगणकशास्त्राचे शिक्षण लागत नाही, प्रोग्रॅमची एक ओळ लिहावी लागत नाही. या धंद्यातली माणसे अशा संकेतस्थळांना ‘बूटर’ किंवा ‘स्ट्रेसर’ म्हणतात. पोलिसांनी त्यांच्याविरुद्ध काय काय करून पाहिले, त्यातले काय चालले आणि काय फसले, याची हकिगत गुन्हेशास्त्राच्या अलीकडच्या इतिहासातली एक विलक्षण हकिगत आहे. कारण इथे पोलिसांचे काम आकड्यांत मोजले गेले.

हल्ला होतो म्हणजे काय होते

कोणताही सर्व्हर एका वेळी ठरावीक विनंत्यांनाच उत्तर देऊ शकतो आणि त्याला जोडणाऱ्या तारेतून सेकंदाला ठरावीक माहितीच वाहू शकते. हजारो ठिकाणांहून एकाच वेळी निरर्थक माहितीचा लोंढा सोडला की खऱ्या माणसाची विनंती आत पोहोचतच नाही. चोरी होत नाही, फाइल उघडली जात नाही, पासवर्ड फुटत नाही. सेवा तेवढी ठप्प होते. या प्रकाराला ‘डीडॉस’ म्हणतात. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यू यॉर्कमधील पॅनिक्स ही इंटरनेट सेवा अशाच हल्ल्याने काही दिवस विस्कळीत झाली होती. फेब्रुवारी २००० मध्ये याहू, ईबे, अ‍ॅमेझॉन आणि सीएनएन यांची संकेतस्थळे एकापाठोपाठ कोलमडली; करणारा कॅनडातला १५ वर्षांचा शाळकरी मुलगा निघाला. हल्लेखोराचे हे कोवळे वय पुढे या विषयात पुन्हा पुन्हा भेटते.

लोंढा तयार करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत इंटरनेटवरचे निष्पाप सर्व्हरच कामाला जुंपले जातात. एखाद्याने गावातल्या शंभर दुकानांना पोस्टकार्डे धाडून सामानाची भली मोठी यादी मागवावी आणि पाठवणाऱ्याच्या जागी शेजाऱ्याचा पत्ता लिहावा, तसा हा प्रकार. हल्लेखोर संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएस किंवा वेळ सांगणाऱ्या एनटीपी सर्व्हरला छोटीशी विचारणा करतो, पण ती करताना स्वतःच्या जागी बळीचा आयपी पत्ता घालतो. उत्तर बळीच्या अंगावर जाते आणि विचारणेपेक्षा ते कितीतरी मोठे असते. डीएनएसच्या बाबतीत ही वाढ साधारण २८ ते ५४ पट होते, एनटीपीच्या एका जुन्या आज्ञेत ५५६ पटींपर्यंत जाते आणि मेमकॅश्ड नावाच्या प्रणालीत ती ५१,००० पटींपर्यंत नोंदली गेली आहे. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळावर याच मेमकॅश्डच्या जोरावर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला.

दुसऱ्या पद्धतीत लोकांची यंत्रे परस्पर ताब्यात घेतली जातात. २०१६ मध्ये पसरलेल्या ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर आणि घरगुती राउटर हेरले. कारखान्यातून आलेले ‘अ‍ॅडमिन’, ‘१२३४५’ असले पासवर्ड लोक बदलत नाहीत, एवढ्या भांडवलावर मिराईकडे ऐन भरात सुमारे सहा लाख यंत्रे जमा झाली होती. कॅमेऱ्याच्या मालकाला काही कळत नाही. त्याचा कॅमेरा चित्रीकरण करत राहतो आणि जोडीला कुणावर तरी मारा करतो.

दरपत्रक असलेला गुन्हा

२०१४ च्या नाताळात सोनीचे प्लेस्टेशन नेटवर्क आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स लाइव्ह बंद पडले. नवा गेम भेट मिळालेली जगभरची मुले पडद्यासमोर खोळंबून बसली. हल्ल्याची जबाबदारी ‘लिझर्ड स्क्वॉड’ नावाच्या टोळक्याने घेतली आणि लगोलग ‘लिझर्ड स्ट्रेसर’ नावाची हल्ल्याची सेवा विक्रीला काढली. नाताळचा तो हल्ला म्हणजे मालाची जाहिरात होती.

असा धंदा साध्या वर्गणीवर चालतो. महिन्याला काही डॉलर भरले की दिवसात अमुक हल्ले, प्रत्येकी अमुक सेकंद. जास्त पैसे भरले की जास्त वेळ आणि जास्त जोर. मदतीसाठी तक्रार-विभाग असतो, सवलतीचे कूपन असते. कायद्यापासून बचाव म्हणून ‘ही सेवा फक्त स्वतःच्या सर्व्हरची ताकद तपासण्यासाठी आहे’ अशी अट नियमावलीत लिहिलेली असते आणि गिऱ्हाईक ती न वाचता मान्य करते. सर्व्हर त्याचा स्वतःचा आहे की नाही, हे कोणी तपासत नाही.

ब्रिटनमधल्या हर्टफर्डशरच्या एका मुलाने वयाच्या सोळाव्या वर्षी ‘टायटॅनियम स्ट्रेसर’ लिहिला. त्यावर १,१२,००० गिऱ्हाइके नोंदली गेली, त्यांच्या हातून १७ लाखांहून अधिक हल्ले झाले आणि कमाई ३,८६,००० पौंडांच्या आसपास गेली. एप्रिल २०१७ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. इस्रायलमधल्या दोन अठरा वर्षांच्या मुलांनी चालवलेल्या ‘व्हीडॉस’ने दोन वर्षांत सहा लाख डॉलरहून अधिक कमावले. पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये ते उघडकीस आणले आणि मुलांना अटक झाली. त्यानंतर काही दिवसांतच क्रेब्स यांच्या संकेतस्थळावर सेकंदाला ६२० गिगाबिटचा लोंढा आदळला. तोवर त्यांना मोफत संरक्षण देणाऱ्या अकामाई कंपनीला हात वर करावे लागले आणि शेवटी गूगलच्या ‘प्रोजेक्ट शील्ड’ने त्यांना आसरा दिला. तो लोंढा मिराईच्या कॅमेऱ्यांचा होता.

मिराई लिहिणारे तिघे अमेरिकी तरुण माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरभोवतीच्या धंद्यातून पुढे आले होते. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर पाडायचा, मग हल्ल्यापासून बचावाची सेवा विकायची, असा तो बाजार. एफबीआयच्या अलास्कातील अँकरेज कार्यालयाने त्यांचा माग काढला. ज्या छोट्याशा कार्यालयाकडून कोणी अपेक्षाही केली नसती, ते पुढे अमेरिकेच्या बूटरविरोधी मोहिमांचे केंद्रच बनले. तिघांनी डिसेंबर २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना तुरुंगाऐवजी पाच वर्षांची देखरेख आणि २,५०० तासांची समाजसेवा फर्मावली. खटल्याच्या काळात त्यांनी एफबीआयला तपासात मोलाची मदत केली होती, हे त्यामागचे कारण.

सगळीच गिऱ्हाइके पोरसवदा नसतात. लायबेरियात लोनस्टार या दूरसंचार कंपनीला पाडण्यासाठी प्रतिस्पर्धी कंपनीतल्या एका वरिष्ठ कर्मचाऱ्याने एका ब्रिटिश हॅकरला महिन्याला दहा हजार डॉलरपर्यंत मोबदला दिला. नोव्हेंबर २०१६ मधल्या माऱ्याने त्या देशाचे इंटरनेटच डळमळले. त्याच महिन्यात त्याच हॅकरमुळे डॉइचे टेलिकॉमच्या जर्मनीतील सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर बिघडले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो लंडनजवळच्या लुटन विमानतळावर पकडला गेला. आधी जर्मनीने त्याला नेले, तिथला खटला झाल्यावर ब्रिटनने परत आणले आणि जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दोन वर्षे आठ महिन्यांची कैद सुनावली. आफ्रिकेतल्या एका देशातले नुकसान, युरोपातल्या दोन देशांत चाललेले खटले: या गुन्ह्यांचा भूगोल असाच पसरलेला असतो.

एका देशाच्या हाती काहीच का लागत नाही

एखाद्या बूटरचे अवयव सुटे करून पाहिले तर अडचण कळते. चालवणारे एका देशात, सर्व्हर दुसऱ्या, डोमेन नाव नोंदणारी संस्था तिसऱ्या, पैसे फिरवणारी कंपनी चौथ्या, गिऱ्हाईक पाचव्या आणि बळी सहाव्या. बळीच्या देशातल्या पोलिसांकडे तक्रार येते, पण त्यांच्या हद्दीत पुरावा म्हणावा असे काही नसते. परदेशातला पुरावा मिळवण्याची जुनी पद्धत म्हणजे परराष्ट्र खात्यामार्फत जाणारी विनंतीपत्रे. त्यांना महिनोन् महिने लागतात. सर्व्हरवरची नोंद काही दिवसांत पुसली जाते.

या अडचणीवर उत्तर म्हणून २३ नोव्हेंबर २००१ रोजी बुडापेस्टमध्ये सायबर गुन्ह्यांविषयीचा करार सह्यांसाठी खुला झाला आणि १ जुलै २००४ पासून अमलात आला. सह्या करणाऱ्या प्रत्येक देशाने चोवीस तास उपलब्ध असणारा संपर्क अधिकारी नेमायचा आणि दुसऱ्या देशाने विनंती केली की पुरावा लगेच गोठवायचा. हाती देण्याची कागदपत्रे मागाहून, अशी त्यात सोय आहे. २०१३ मध्ये युरोपोलचे सायबर गुन्हे केंद्र हेगमध्ये सुरू झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये तिथेच ‘जे-कॅट’ हे संयुक्त कृतिदल उभे राहिले. त्यात वेगवेगळ्या देशांचे सायबर अधिकारी हेगमधल्या एकाच इमारतीत बसतात. युरोपोलला स्वतः कोणाला अटक करण्याचा अधिकार नाही. माहिती जुळवणे, एकाच संशयितामागे दोन देश लागले असतील तर ते लक्षात आणून देणे आणि सर्वांचे छापे एका वेळी पडतील असे पाहणे, हे त्याचे काम. छापे एकाच वेळी पडणे इथे फार महत्त्वाचे, कारण एका देशात दार ठोठावल्याची कुणकुण लागली की दुसऱ्या देशातला सर्व्हर काही मिनिटांत रिकामा होतो.

डोमेन नावांच्या बाबतीत अमेरिकेकडे एक वेगळे हत्यार आहे. डॉट कॉम आणि डॉट नेट या नावांची मूळ नोंदवही अमेरिकी कंपनीकडे आहे. त्यामुळे सर्व्हर जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी अमेरिकी न्यायालयाच्या आदेशाने ते नाव पोलिसांच्या पानाकडे वळवता येते. म्हणूनच हुशार चालक ‘डॉट एसयू’ या सोव्हिएत संघाला १९९० मध्ये मिळालेल्या नावाकडे वळतात. देश विसर्जित झाला, पण त्याचे इंटरनेटवरचे आडनाव टिकून आहे आणि पाश्चात्त्य न्यायालयांचे आदेश तिथे पोहोचत नाहीत, असा त्यांचा भरवसा असतो.

वेबस्ट्रेसर

या सगळ्या यंत्रणेची पहिली मोठी परीक्षा वेबस्ट्रेसरच्या वेळी झाली. २०१८ च्या सुरुवातीला हा जगातला सर्वांत मोठा बूटर होता. नोंदणी केलेली गिऱ्हाइके १,३६,००० हून अधिक, घडवलेले हल्ले ४० लाख, वर्गणी महिन्याला १५ युरोपासून. बँका, सरकारी कार्यालये, पोलीस आणि गेमिंग कंपन्या त्याच्या माऱ्यात सापडल्या होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या सात मोठ्या बँकांवर त्याच्याच मदतीने हल्ले झाले. त्यांना सेवा कमी कराव्या लागल्या, काही प्रणाली पूर्ण बंद ठेवाव्या लागल्या आणि लाखो पौंडांचा भुर्दंड बसला.

नेदरलँड्सचे पोलीस आणि ब्रिटनची नॅशनल क्राइम एजन्सी यांनी पुढाकार घेतला. २४ एप्रिल २०१८ रोजी ब्रिटन, क्रोएशिया, कॅनडा आणि सर्बिया या चार देशांत चालकांवर कारवाई झाली. नेदरलँड्स, जर्मनी आणि अमेरिकेतले सर्व्हर ताब्यात घेतले गेले. शिवाय सर्वाधिक वापर करणाऱ्या गिऱ्हाइकांकडे नेदरलँड्स, इटली, स्पेन, क्रोएशिया, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि हाँगकाँग इथले पोलीस पोहोचले.

खरा ऐवज सर्व्हरमध्ये होता: गिऱ्हाइकांची वही. कोणी कधी पैसे भरले, कोणावर किती हल्ले केले, कुठल्या पत्त्यावरून आत शिरले, सारे त्यात होते. ती वही देशोदेशी वाटली गेली. जानेवारी २०१९ मध्ये युरोपोलने सांगितले की एकट्या ब्रिटनमध्ये २५० हून अधिक वापरकर्त्यांवर कारवाई होणार आहे. नेदरलँड्सने ‘हॅक राइट’ हा वेगळा मार्ग काढला. पहिल्यांदाच सापडलेल्या तरुणांना मार्गदर्शक देऊन त्यांचे कौशल्य सरळ कामाकडे वळवण्याची ती योजना आहे.

पुरावा कसा जमतो

‘आम्ही फक्त तपासणीची सेवा देतो’ हा बचाव न्यायालयात मोडून काढायला एफबीआयने सोपा उपाय शोधला. अधिकाऱ्यांनी सामान्य गिऱ्हाईक बनून खाती उघडली, वर्गणी भरली आणि स्वतःच्याच ताब्यातल्या संगणकांवर हल्ले मागवले. किती वेळ मारा झाला, कशा प्रकारचा झाला, यंत्र बंद पडले का, याची नोंद ठेवली. कोणत्याही संकेतस्थळाने ‘हा संगणक तुमचाच कशावरून’ असे विचारले नाही, हीच मोठी साक्ष ठरली.

डिसेंबर २०१८ मध्ये, नाताळच्या तोंडावर, एफबीआयने १५ डोमेन जप्त केली. त्या कारवाईतल्या ‘डाउनदेम’च्या चालकाला लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २०२१ मध्ये दोषी ठरवले आणि २०२२ मध्ये दोन वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २०२२ मध्ये ४८ डोमेन गेली आणि सहा जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांतल्या एका सेवेने तीन कोटींहून अधिक हल्ले केले होते, असे युरोपोलचे म्हणणे. मे २०२३ मध्ये आणखी १३ डोमेन जप्त झाली. यांपैकी दहा डिसेंबरमध्ये बंद केलेल्या सेवांचेच नवे अवतार होते. मोठ्या कारवाया बहुधा डिसेंबरात होतात, त्यामागे साधा हिशेब आहे. नाताळात शाळांना सुट्टी असते, मुले गेमला चिकटलेली असतात आणि हल्ल्यांची मागणी वर्षातल्या कुठल्याही काळापेक्षा वाढलेली असते.

मोजमापाने काय सांगितले

केंब्रिज विद्यापीठाच्या सायबर गुन्हे केंद्राने बरीच वर्षे एक नामी युक्ती चालवली आहे. डीएनएस किंवा एनटीपीचे सर्व्हर असल्याचे सोंग घेणारी यंत्रे त्यांनी इंटरनेटवर पेरून ठेवली. हल्लेखोर त्यांना खरे समजून वापरायला जातात. यंत्रे मारा पुढे जाऊ देत नाहीत, फक्त कोणावर आणि कधी हल्ला होत होता याची नोंद करतात. अशा नोंदींतून एखाद्या अटकेनंतर हल्ले घटले की नाही, हे आठवड्यागणिक पाहता येते.

२०१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. अटकेच्या किंवा शिक्षेच्या गाजावाजा झालेल्या बातमीचा परिणाम झालाच तर दोनेक आठवडे टिकला. २०१८ च्या नाताळात १५ डोमेन एकदम गेल्याचा परिणाम सुमारे दहा आठवडे जाणवला. आणि सर्वांत टिकाऊ बदल घडवला तो जाहिरातींनी! ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने डिसेंबर २०१७ च्या अखेरीपासून सहा महिने गूगलवर जाहिराती विकत घेतल्या होत्या. १३ ते २२ वयोगटातला ब्रिटनमधला मुलगा बूटर शोधू लागला की त्याला ‘हा गुन्हा आहे’ अशी सूचना दिसे. त्या काळात अमेरिकेत हल्ले वाढत राहिले. ब्रिटनमधली वाढ मात्र थांबली.

या निष्कर्षामागचे कारण गिऱ्हाइकाच्या स्वभावात आहे. बहुतेक पोरांना आपण गुन्हा करतो आहोत असे वाटतच नाही. खेळात हरलो, समोरच्याचे इंटरनेट पाडले, संपले. विकत मिळते, दरपत्रक आहे, पेपॅलने पैसे घेतात म्हणजे चालत असणार, असा त्यांचा समज. डिसेंबर २०१६ मध्ये युरोपोलच्या मदतीने झालेल्या ‘टारपिट’ मोहिमेत १३ देशांत ३४ जणांना अटक झाली, पण त्याच्या जवळपास तिप्पट, १०१ जणांची फक्त चौकशी करून त्यांना समज देण्यात आली. त्यांतले बरेचसे विशीच्या आतले होते. अशा मुलाच्या दारात दोन पोलीस येऊन आई-वडिलांसमोर बसले तर बहुतेकदा एवढे पुरते.

पैशांचा रस्ता अडवण्याचा प्रयोगही झाला. अमेरिकी संशोधकांनी बूटरांची पेपॅल खाती हुडकून कंपनीला कळवली आणि ती बंद पाडली. चालकांना बिटकॉइनकडे वळावे लागले. शाळकरी गिऱ्हाइकांना ते झेपेना आणि अनेक सेवांची कमाई घसरली.

पोलिसांचीच बनावट दुकाने

मार्च २०२३ मध्ये ब्रिटनच्या एजन्सीने एक गोष्ट उघड केली. बाजारातल्या बूटरांपैकी काही संकेतस्थळे तिने स्वतःच उभारलेली होती. दिसायला ती खऱ्यासारखी होती, नोंदणीही होत होती. हल्ला मात्र होत नव्हता. कित्येक हजार लोकांनी ती उघडून पाहिली. ब्रिटनमधल्या नोंदणीदारांशी पोलीस संपर्क साधणार आणि परदेशी नोंदणीदारांची माहिती त्या त्या देशाला जाणार, असे एजन्सीने जाहीर केले. अशी आणखी किती दुकाने आपण चालवतो आहोत, हे तिने मुद्दाम सांगितले नाही. पुढे नेदरलँड्सच्या पोलिसांनीही हाच मार्ग धरला.

जुलै २०२४ मध्ये याच डावाची पुढची चाल आली. डॉट एसयूवर चालणाऱ्या ‘डिजिटलस्ट्रेस’च्या संशयित चालकाला उत्तर आयर्लंडमध्ये अटक झाली. त्याचे संकेतस्थळ ब्रिटिश एजन्सीने ताब्यात घेतले आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना तुमची माहिती आमच्याकडे आहे असे तिथेच कळवले. सोव्हिएत आडनावामागे लपण्याचा भरवसा तिथे कामी आला नाही. मे २०२५ मध्ये पोलंडमध्ये चौघांना अटक झाली. सीएफएक्सएपीआय, निओस्ट्रेस, जेटस्ट्रेस यांसह सहा बूटर ते चालवत होते, असा आरोप आहे. तिथे हल्ला दहा युरोपासून मिळत असे. त्याच वेळी अमेरिकेने नऊ डोमेन जप्त केली.

डिसेंबर २०२२ पासूनच्या या मोहिमेचे मोजमापही केंब्रिजच्या संशोधकांनी केले आणि त्यातले आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात. पहिल्या लाटेत, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये, जप्त झालेल्या संकेतस्थळांपैकी निम्म्याहून अधिक परत आली, त्यांतली निम्मी तर एका दिवसात. मे २०२३ च्या दुसऱ्या लाटेतली सगळीच परतली. जगभरातले हल्ले पहिल्या लाटेनंतर २० ते ४० टक्क्यांनी घटले, पण तो परिणाम फार तर सहा आठवडे टिकला. दुसऱ्या लाटेचा नगण्यच. एवढेच वाचले तर पोलिसांचे श्रम वाया गेले असे वाटेल. पण परत आलेल्या संकेतस्थळांवर येणारी गर्दी ८० ते ९० टक्क्यांनी आटली होती. नाव, रंग, दर सगळे पूर्वीसारखे. गिऱ्हाईक मात्र बिचकू लागले. काही चालकांनी धंदाच सोडला. सर्व्हर दुसऱ्या दिवशी नवा घेता येतो. आपण ज्या दुकानात पैसे भरतो ते पोलिसांचे तर नसेल, ही शंका मनातून काढणे तितके सोपे नाही.

भारताची जागा

डिसेंबर २०२४ च्या कारवाईतल्या १५ देशांत भारत नव्हता. बुडापेस्ट कराराचाही भारत सदस्य नाही. ज्याच्या मसुद्यात आपला सहभाग नव्हता तो करार का स्वीकारावा, अशी भारताची भूमिका राहिली आहे. त्यामुळे परदेशी पुराव्यासाठी आपल्याला द्विपक्षीय करार आणि इंटरपोलशी दुवा असलेली सीबीआय यांच्यावर अवलंबून राहावे लागते. २४ डिसेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सायबर गुन्ह्यांविषयीचा स्वतंत्र करार मंजूर केला आहे. तो अमलात आला तर बुडापेस्टबाहेरच्या देशांनाही चोवीस तासांच्या संपर्काची वाट मिळू शकेल.

हा प्रश्न आपल्या दारात आलेला नाही असे मात्र नाही. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या काही लहान-मध्यम इंटरनेट सेवादारांवर मोठा डीडॉस हल्ला झाला. ग्राहकांचे इंटरनेट मंदावले आणि महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर शाखेने गुन्हा नोंदवून तपास हाती घेतला. कायदाही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणक विस्कळीत करणे आणि अधिकृत माणसाला त्याचा वापर नाकारणे या दोन्ही गोष्टी येतात. त्या कपटाने किंवा अप्रामाणिकपणे केल्या तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बटण कोणी दाबले हे त्यात महत्त्वाचे. हल्ला स्वतः लिहिला की विकत घेतला, याने फरक पडत नाही.

उरलेले काम

या धंद्याच्या मुळाशी असलेल्या दोन फटींपैकी एकही पोलिसांना बुजवता येण्यासारखी नाही. खोटा पत्ता घातलेली माहिती इंटरनेट सेवादाराने आपल्या दारातच अडवावी, अशी शिफारस तांत्रिक संस्थांनी मे २००० मध्येच लिहून ठेवली आहे. ती पाळण्याचा खर्च सेवादाराला येतो आणि फायदा परक्या देशातल्या बळीला होतो, म्हणून पंचवीस वर्षांनंतरही ती सगळीकडे पाळली जात नाही. दुसरी फट कॅमेऱ्या-राउटरची. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखा, सहज ओळखता येणारा पासवर्ड घालून असली उपकरणे विकायला कायद्याने बंदी आहे. तोवर लोंढ्यांचा आकार कुठल्या कुठे गेला. २०१६ मध्ये क्रेब्स यांच्यावरचा ६२० गिगाबिटचा मारा ऐतिहासिक वाटला होता. मे २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीने सेकंदाला ७.३ टेराबिटचा, म्हणजे जवळपास बारा पट मोठा हल्ला थोपवला.

म्हणून पॉवरऑफकडे पाहताना बंद पडलेल्या संकेतस्थळांची संख्या हे यशाचे माप धरू नये. तो आकडा काही दिवसांत बराचसा भरून निघतो, हे मोजून सिद्ध झाले आहे. पंधरा देशांचे पोलीस एकाच सकाळी दारे ठोठावू शकतात, एका देशात सापडलेली गिऱ्हाइकांची वही दुसऱ्या देशातल्या ठाण्यात पोहोचते आणि पंधरा वर्षांच्या मुलाला गुन्ह्याआधीच सूचना दिसते, ही यंत्रणा २००१ च्या बुडापेस्ट करारापासून हळूहळू उभी राहिली. भाड्याचा हल्ला ज्या तीन गोष्टींवर चालतो, त्या म्हणजे स्वस्ताई, सोय आणि कोणी पकडणार नाही ही खात्री. पहिल्या दोन अजून शाबूत आहेत. तिसरी डळमळली की परत उघडलेल्या दुकानांवरची गर्दी किती आटते, त्याचा आकडा आपल्याकडे आहे: ८० ते ९० टक्के.